संप पुढे ढकलायचा, पण तारीख घालून

प्रश्न विचारणारे चाकण पट्ट्यातल्या एका कारखान्यातल्या युनियनच्या कमिटीवर आहेत. त्यांनी लिहिलंय ते थोडक्यात असं. पगारवाढीचा करार मार्च २०२५ ला संपला. मागणीपत्र दिलं होतं, बोलणी अडली होती, संपाची नोटीस टाइप करून तयार होती. तेवढ्यात मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर सुरू झालं. त्यांच्याकडे संरक्षण खात्याच्या ऑर्डरचे सुटे भाग बनतात. मॅनेजमेंटने कमिटीला बोलावून सांगितलं की सीमेवर जवान लढत असताना संप म्हणजे देशद्रोह. कमिटीत दोन तट पडले. काही म्हणाले, ऑर्डर तातडीची आहे, आत्ता दाबलं तरच मिळेल. बाकीचे म्हणाले, लोक आपल्या तोंडात शेण घालतील. शेवटी नोटीस दिलीच नाही. चार दिवसांत गोळीबार थांबला, करार मात्र अजून झालेला नाही. त्यांचा प्रश्न: आमचं चुकलं का, आणि पुन्हा अशी वेळ आली तर काय करायचं?

मी पस्तीस वर्षं कामगार संघटनेचं काम केलं, आधी ठाणे-बेलापूर पट्ट्यात, मग पुण्याच्या बाजूला. त्यामुळे आधी सरळ उत्तर देतो. संप केला नाहीत यात चुकलं नाही. हातात काही न घेता थांबलात, तिथे चुकलं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि तुमच्या कमिटीतलं सगळं भांडण त्या एकच धरल्यामुळे झालं.

'देशद्रोह' हा शब्द पहिल्यांदा बाजूला करू. पगारवाढीसाठी केलेला संप बेकायदेशीर ठरू शकतो आणि त्यासाठी कामगार कायद्यात शिक्षाही आहे. पण तो औद्योगिक विवाद असतो, राष्ट्राविरुद्धचा गुन्हा नसतो. मॅनेजमेंटने हा शब्द वापरला की कमिटीने चिडायचं नाही आणि घाबरायचंही नाही. शांतपणे म्हणायचं, 'साहेब, हे लेखी द्या.' माझ्या अनुभवात ते पत्र कधी येत नाही. दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट सांगतो: संप करणं हा आपल्याकडे मूलभूत हक्क नाही. युनियन काढणं हा संविधानाने दिलेला हक्क आहे, संप करणं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६२ पासून सांगितलेलं आहे. त्यामुळे गेटवरच्या भाषणात 'संप आमचा घटनात्मक हक्क' असं कोणी म्हणालं तर टाळ्या पडतील, कोर्टात ते टिकणार नाही.

आता मूळ प्रश्न. लढाईच्या काळात संप करावा की नाही, असा तो दिसतो. माझ्या मते लढाईचा खर्च कोणाच्या ताटातून जाणार, हा तो प्रश्न आहे. युद्ध आलं की तीन गोष्टी हमखास होतात. भाव वाढतात, कामाचे तास वाढतात आणि ऑर्डरी वाढतात. पहिल्या दोन कामगाराच्या वाट्याला येतात, तिसरी मालकाच्या. देशासाठी त्याग करायला कामगार नाही म्हणत नाही, कधी म्हणालेलाही नाही. त्याग एकट्यानेच करायचा का, एवढंच तो विचारतो.

तुमच्या पगाराच्या चिठ्ठीवर 'महागाई भत्ता' असा रकाना असेल. तो युद्धाचं अपत्य आहे. पहिल्या महायुद्धात मुंबईत धान्य-कापडाचे भाव भडकले, गिरणी कामगारांनी जागोजाग काम थांबवलं, तेव्हा मूळ पगारावर वेगळी वाढ म्हणून त्याची सुरुवात झाली. युद्ध नोव्हेंबर १९१८ ला संपलं आणि दोन महिन्यांत, जानेवारी १९१९ ला, मुंबईतल्या लाखाच्या वर गिरणी कामगारांनी संप केला. युद्ध संपल्यावर संप का? कारण लढाई थांबली तरी भाव उतरले नव्हते. तुमच्याकडे मे महिन्यानंतर जे झालं ते याच जातीचं आहे.

त्या काळातली आणखी एक गोष्ट मी प्रत्येक नव्या कमिटीला सांगतो. युद्धाच्या आणि त्यानंतरच्या तेजीत गिरण्यांना अफाट नफा झाला आणि मालकांनी काही वर्षं खुशीने बोनस दिला. कामगार तो आपला समजू लागले. १९२३ साली मालकांनी तो बंद केला. जानेवारी १९२४ मध्ये दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले, दोन महिन्यांच्या वर संप चालला. सरकारने हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने सांगितलं की कामगारांना या बोनसवर कायद्याने मागता येईल असा हक्क नाही, कारण तो कधी ठरलेला नव्हता, दिला गेला होता. संप हरला. तेजीच्या काळात मालक खुशीने देतो ते घेऊ नका असं मी म्हणत नाही, जरूर घ्या. पण त्याच दिवशी ते कोणत्या नावाने, कोणत्या हिशेबाने आणि कधीपर्यंत, हे कागदावर आणा.

दुसऱ्या महायुद्धाची आठवण माझ्या घरातली आहे. माझे वडील लालबागला एका गिरणीत साचा खात्यात, म्हणजे विणकामाच्या मागांवर, बदली कामगार होते. २ ऑक्टोबर १९३९ ला मुंबईत नव्वद हजार कामगारांनी युद्धाच्या विरोधात एक दिवसाचा संप केला, त्यात ते होते. तो राजकीय संप होता: आम्हाला न विचारता आमचा देश युद्धात का ओढला, हा सवाल होता. पण पाच महिन्यांनी, मार्च १९४० ला जो मोठा संप झाला तो पोटाचा होता. भाव चढत होते, न्यायमूर्ती रांगणेकरांच्या समेट मंडळाने, म्हणजे दोन्ही बाजूंत मध्यस्थी करणाऱ्या मंडळाने, या प्रश्नात लक्ष घातलं होतं आणि दिवसाला दोन आण्यांची वाढ पुढे आली होती. कामगारांना ती महागाईच्या मानाने फारच थोडी वाटली. दीड लाखाच्या वर माणसं चाळीस दिवस बाहेर राहिली. कम्युनिस्ट पुढारी डांगे यांच्यासह पुढाऱ्यांना भारत संरक्षण नियमांखाली, म्हणजे युद्धकाळासाठी केलेल्या खास नियमांखाली, आत टाकलं. संप मोडला.

वडील म्हणायचे, संप हरला आणि भत्ता जिंकला. त्यांचा अर्थ असा की त्या दोन आण्यांवर कामगार आनंदाने परत गेले नाहीत, पण 'भाव वाढले की पगार वाढला पाहिजे' हे तत्त्व एकदा आत शिरलं ते बाहेर काढता आलं नाही. पुढे युद्ध चालू असतानाच मुंबईच्या गिरण्यांतला महागाई भत्ता राहणीमानाच्या निर्देशांकाशी बांधला गेला. निर्देशांक चढला की भत्ता चढणार. दर वेळी गेटवर जमून भांडायला नको. मला विचाराल तर युद्धकाळातली कामगारांची सगळ्यात मोठी कमाई हीच आहे.

१९४२ साल मात्र अवघड होतं आणि त्याच्याबद्दल घाईने बोलू नये. जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर कम्युनिस्टांनी हे युद्ध लोकयुद्ध मानलं आणि उत्पादन थांबवायचं नाही अशी भूमिका घेतली. ऑगस्टमध्ये 'चले जाव' झालं तेव्हा अहमदाबादच्या गिरण्या साडेतीन महिने बंद राहिल्या. मजूर महाजन या गांधीवादी युनियनचे कामगार गावोगाव निघून गेले, आणि मालकांनीही फारशी खळखळ केली नाही. जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात काम थांबलं. मुंबईत लाल बावट्याचा, म्हणजे कम्युनिस्ट युनियनचा, जोर असलेल्या गिरण्या बऱ्याच प्रमाणात चालू राहिल्या. आमच्या चाळीत एकाच मजल्यावर दोन्ही बाजूंची माणसं होती आणि वर्षानुवर्षं एकमेकांशी धड बोलत नव्हती. दोघंही देशाचंच बघत होती. तुमच्या कमिटीत दोन तट पडले तेव्हा त्यातल्या कोणालाही गद्दार म्हणू नका, एवढंच मी यावरून शिकलो.

त्याच वर्षी कायद्यात जे घडलं ते आजही तुमच्या मानेवर आहे. जानेवारी १९४२ मध्ये भारत संरक्षण नियमांत ८१-अ हा नियम आला. सरकारला संपावर आणि टाळेबंदीवर बंदी घालता येईल, तंटा लवादाकडे पाठवता येईल आणि निवाडा दोन्ही बाजूंवर बंधनकारक करता येईल, असे अधिकार त्याने दिले. चौदा दिवसांच्या नोटिशीची अटही याच काळातली. युद्ध १९४५ ला संपलं. हे अधिकार गेले का? नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ते कायमचे येऊन बसले. आज तुम्ही ज्या नोटिशीची, समेटाची, 'कार्यवाही चालू असताना संप नाही'ची भाषा बोलता, ती मुळात युद्धाच्या तातडीची भाषा आहे.

इथे बाबासाहेबांचं नाव घेतलंच पाहिजे. १९३८ साली मुंबई विधिमंडळात औद्योगिक विवाद विधेयक आलं तेव्हा त्यांनी संपाच्या हक्काची बाजू अतिशय ताकदीने मांडली, आणि ७ नोव्हेंबर १९३८ च्या एक दिवसाच्या संपात ते स्वतः रस्त्यावर होते. चारच वर्षांनी, जुलै १९४२ ला, ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. आता संपबंदीचे नियम राबवणाऱ्या सरकारच्या बाजूला त्यांची खुर्ची होती. त्यांनी काय केलं? ऑगस्ट १९४२ मध्ये सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय परिषद भरली, आणि पुढची चार वर्षं ते या यंत्रणेला बळ देत राहिले. युनियनला मान्यता सक्तीची करणारं विधेयक त्यांनी १९४३ ला मांडलं. कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला तो १९४६ ला. मी यातून असा अर्थ काढतो: कामगाराकडून संप काढून घ्यायचा असेल तर त्याला टेबलावर खुर्ची द्यावी लागते. खुर्ची न देता संप काढून घेणं याला फक्त दडपणं म्हणतात.

विलायतेतही हाच धडा आहे. १९४० च्या जुलैत तिथे १३०५ क्रमांकाचा आदेश निघाला: संप बंद, सगळे तंटे लवादाकडे. मजूर मंत्री होते अर्नेस्ट बेव्हिन, स्वतः गोदी कामगारांच्या युनियनमधून वर आलेले. जानेवारी १९४२ मध्ये केंट परगण्यात बेट्सहँगर नावाच्या कोळसा खाणीत एका अवघड थरातल्या मजुरीवरून काम थांबलं. सरकारने हजाराच्या वर खाण कामगारांवर खटले भरले. तीन स्थानिक पुढाऱ्यांना तुरुंगात टाकलं, बाकीच्यांना दंड केला. खाण बंदच राहिली. वाटाघाट करायची तर ती करणारी माणसं तुरुंगात. शेवटी मजुरीचा तंटा कामगारांच्या बाजूने मिटवावा लागला आणि पुढाऱ्यांना अकरा दिवसांत सोडावं लागलं. दंड भरणारे जेमतेम नऊ जण निघाले. पुढे १९४४ साली, म्हणजे नॉर्मंडीची लढाई झाली त्याच वर्षी, ब्रिटनमध्ये दोन हजारांच्या वर संप झाले आणि सगळ्या कामगारांचे मिळून सदतीस लाख कामाचे दिवस बुडाले, त्यातलं बरंचसं खाणींत. बंदी तशीच होती. कायद्याने संप बेकायदेशीर करता येतो, कोळसा खणून घेता येत नाही. मॅनेजमेंटशी बोलताना हे उदाहरण सांगायला हरकत नाही, पण धमकी म्हणून नको. 'बंदीने तुमचंही भागत नाही, बसून ठरवू' या सुरात सांगा.

स्वतंत्र भारतातला अनुभव तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचा आहे. २६ ऑक्टोबर १९६२ ला चीनच्या आक्रमणामुळे आणीबाणी जाहीर झाली. ३ नोव्हेंबरला दिल्लीत मालक आणि कामगार संघटनांनी मिळून औद्योगिक शांततेचा ठराव केला. उत्पादन थांबणार नाही, मंदावणार नाही, तंटे शक्य तितके स्वेच्छेने लवादाकडे जातील आणि भाव आटोक्यात राहतील, असं त्यात होतं. कामगारांनी आपली बाजू पाळली. एक दिवसाचा पगार दिला, सुट्टीच्या दिवशी काम केलं, रक्त दिलं. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी केली. लढाई एक महिना चालली. आणीबाणी किती दिवस राहिली? १० जानेवारी १९६८ पर्यंत. पाच वर्षांच्या वर. मधल्या काळात भाव चढले, आणि १९६३ च्या अर्थसंकल्पात सक्तीची बचत योजना आली तेव्हा हातात येणाऱ्या पगारालाच कात्री लागणार म्हणून कामगारांत संताप उसळला. कामगारांनी दिलेलं वचन मोजता येण्यासारखं होतं, भावाबद्दलचं वचन मोजता येण्यासारखं नव्हतं. म्हणून एक पाळलं गेलं आणि दुसरं विरून गेलं.

याहून कडक उदाहरण १९७४ च्या रेल्वे संपाचं. ८ मे ला संप सुरू झाला, २७ मे ला मागे घेतला. तो चिरडायला भारत संरक्षण नियम वापरले. कोणत्या युद्धाचे? डिसेंबर १९७१ च्या. बांगलादेशचं युद्ध दोन आठवड्यांत जिंकून अडीच वर्षं होत आली होती, पण ३ डिसेंबर १९७१ ची आणीबाणी उठवलेलीच नव्हती. ती मार्च १९७७ पर्यंत राहिली. लाइनमन, फायरमन, गँगमन यांना घराघरातून उचललं ते त्या संपलेल्या युद्धाच्या नावाने. म्हणून माझा आग्रह तारखेवर आहे. युद्धाच्या नावाने कोणी काही मागितलं की पहिला प्रश्न: कधीपर्यंत?

आता माझी स्वतःची चूक सांगतो, कारण ती तुमच्यासारखीच आहे. १९९९ साली मी ज्या कारखान्यात काम बघत होतो तिथला करार मार्चअखेर संपला होता. जूनमध्ये नोटीस देणार होतो. कारगिल पेटलं. गेटसभेत सातारा जिल्ह्यातला एक कामगार उभा राहिला. त्याचा भाऊ द्रासला होता. तो एवढंच म्हणाला, 'मी संपात येईन, पण आत्ता नको.' सभा एकदम गप्प झाली. आम्ही तिथल्या तिथे संप रद्द केला, एक दिवसाचा पगार जवानांच्या निधीला दिला, मॅनेजरने व्यासपीठावर येऊन माझा हात हातात घेतला. मला भरून आलं होतं. त्या भरात मी काहीही लिहून घेतलं नाही. जुलैअखेर लढाई संपली. ऑगस्टमध्ये बोलणी मागितली तर उत्तर आलं की बाजार मंद आहे. करार झाला चौदा महिन्यांनी, आणि मधल्या महिन्यांच्या वाढीव पगाराचा फरक मिळाला नाही. माणसांनी मला कधी बोलून दाखवलं नाही, पण दिवाळीला त्यांच्या घरी गेलो की मला तो फरक दिसायचा. त्या दिवशी संप थांबवला याचा मला आजही पश्चात्ताप नाही. एक कागद मागितला नाही याचा आहे, आणि त्या दिवशी मागितला असता तर तो मिळाला असता हे मला नक्की माहीत आहे.

तुमच्यातले जे म्हणत होते की 'आत्ताच दाबलं तर मिळेल', त्यांचं गणित चुकीचं नाही. तातडीची ऑर्डर असताना कामगाराचं वजन सगळ्यात जास्त असतं. पण ते वजन दोन प्रकारे वापरता येतं, काम थांबवून किंवा न थांबवण्याची किंमत घेऊन. गोळीबार चालू असताना आघाडीवर जाणाऱ्या मालाचं काम थांबवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एक तर ते बरोबर नाही. आपल्या गेटवरची अर्धी माणसं सातारा, सांगली, कोल्हापूरची. अपशिंगे गावाच्या नावापुढे लोक 'मिलिटरी' लावतात तो हा मुलूख. समोरचा सैनिक आपल्याच घरातला आहे. दुसरं, संप टिकतो तो उधारीवर आणि घरच्यांच्या पाठिंब्यावर. किराणा दुकानदाराने वही बंद केली आणि आईने 'हे काय चालवलंयस' असं विचारलं की दहाव्या दिवशी माणसं एकेक करून आत जातात. मी हे पाहिलंय. न थांबवण्याची किंमत मात्र त्याच दिवशी मागायची, लाज न बाळगता.

याला एक अपवाद आहे, जिवाचा. युद्धाच्या घाईत सुरक्षा ढिली होते. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टायकिन जहाज फुटलं. एकाच जहाजात दारूगोळा आणि कापसाच्या गाठी होत्या. शेकडो माणसं गेली, त्यात आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे जवान साठाच्या वर. भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीतला जानेवारी २०२५ चा स्फोट तर कालचा आहे. हात वाचवणारा गार्ड काढून प्रेस मशीन चालवायला सांगितली, सलग दुसऱ्या पाळीला माणूस उभा केला, तर तिथे 'देशासाठी' हे कारण ऐकायचं नाही. ते काम जागच्या जागी थांबवा आणि लेखी कळवा.

कायद्याचं किती सांभाळायचं हे परिस्थितीवर आहे. चार गोष्टी आधी तपासा. युद्धामुळे संविधानाखाली आणीबाणी जाहीर झाली आहे का? मे २०२५ मध्ये झालेली नव्हती, म्हणजे नेहमीचाच कायदा लागू होता. ती झाली तर संघटना, सभा, भाषण या कलम १९ मधल्या हक्कांच्या आधारे आणीबाणीतल्या कायद्याला आव्हान देता येत नाही आणि सगळंच गणित बदलतं. तुमचा कारखाना अत्यावश्यक सेवा म्हणून जाहीर केलाय का? २०२१ ला आयुध निर्माणींची सात महामंडळं करताना संरक्षण उत्पादनातल्या संपावर बंदी घालणारा कायदा आला होता. त्याला एका वर्षाची मुदत होती, पण तसा नवा कायदा किंवा आदेश कधीही येऊ शकतो. समेटाची कार्यवाही चालू आहे का? आणि जुना करार अजून अमलात आहे का?

मे २०२५ मध्ये तुम्हाला महाराष्ट्राच्या कायद्यानुसार चौदा दिवसांची नोटीस आणि मान्यताप्राप्त युनियन असेल तर सभासदांच्या बहुमताचं मतदान लागलं असतं. म्हणजे नोटीस दिली असती तरी लढाईच्या त्या चार दिवसांत संप कायदेशीरपणे झालाच नसता! नोटीस देऊन मुदतीत बोलणी मागता आली असती, आणि कोणी तुम्हाला देशद्रोही म्हणू शकलं नसतं, कारण तुम्ही मशीनवर उभे होता. हे तुमच्या कमिटीत कोणीच मांडलं नाही याचं मला वाईट वाटतं.

नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता हा केंद्राचा नवा कामगार कायदा आला आहे. आता सगळ्याच उद्योगांत चौदा दिवसांची नोटीस लागते, आणि त्या चौदा दिवसांत समेट अधिकाऱ्याने पहिली बैठक घेतली की समेट चालू झाला असं धरलं जातं, म्हणजे संप करता येत नाही. नोटिशीचा खरा उपयोग आता समोरच्याला टेबलावर आणण्यापुरताच उरलाय, हे ओळखून ती द्या. सामूहिक रजेची युक्ती चालणार नाही. निम्मे किंवा जास्त कामगार एकाच दिवशी ठरवून रजेवर गेले तर तो संपच मानतात. बेकायदेशीर संपाला कामगाराला हजार ते दहा हजार रुपये दंड किंवा महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि चिथावणाऱ्याला दंड पन्नास हजारांपर्यंत. नोटीस न देता दहा-वीस जण मिळून एक दिवस घरी बसले तरी आठ दिवसांपर्यंत पगार कापला जाऊ शकतो. हे सगळं गेटसभेत उघडपणे सांगा. माणसांना धोका माहीत असेल तरच त्यांचा निर्णय त्यांचा राहतो.

आता तो कागद, जो मी १९९९ ला मागितला नाही. त्यात काय असावं? नवा करार कधीही झाला तरी तो जुना करार संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून लागू धरायचा, हे पहिलं वाक्य. दुसरं, करार होईपर्यंत दरमहा ठरावीक अंतरिम रक्कम, जी नंतर फरकातून वळती होईल. जादा कामाचं स्वतंत्र कलम घ्या: जादा काम संमतीने, दुप्पट दराने, आठवड्याची सुट्टी न बुडवता. हे आधीच लिहून घेण्याचं कारण आहे. जुन्या कारखाना कायद्याचं कलम ५ सार्वजनिक आणीबाणीत कारखान्यांना तासांच्या नियमांतून सूट देऊ देत होतं. कोविडमध्ये गुजरातने ते वापरून बारा तास काम आणि साधा दर असा आदेश काढला, तो सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० ला रद्द केला, कारण साथ म्हणजे त्या कलमातली आणीबाणी नव्हे. पण युद्ध हे त्या कलमात नाव घेऊन लिहिलेलं होतं. खरंच युद्ध आलं तर तो निकाल तुमच्या कामी येणार नाही, तुमचा करारच येईल. बोलणी अडली तर लवाद कोण, हे नाव घालून ठरवा आणि निवाड्याला मुदत घाला. आणि शेवटी युनियनची हमी कधी संपते ती तारीख. 'परिस्थिती निवळेपर्यंत' असं कधीही लिहू देऊ नका. नव्वद दिवस म्हणा, गरज पडली तर दोघांच्या सहीने वाढवू म्हणा.

हा कागद समेट अधिकाऱ्यासमोर झाला तर उत्तम, कारण मग तो सगळ्या कामगारांना लागू होतो. नुसत्या आपापसातल्या करारात जे त्याचे पक्ष नाहीत ते सुटून जातात.

तारीख घालणं लोकांना रुचेल का, अशी भीती वाटत असेल तर केंद्रीय कामगार संघटनांनी त्याच मे महिन्यात काय केलं ते आठवा. २० मे २०२५ चा देशव्यापी संप त्यांनी परिस्थिती बघून पुढे ढकलला, आणि ढकलतानाच नवी तारीख जाहीर केली, ९ जुलै. आणि ९ जुलैला संप झाला.

तुमच्या हातात आज काय आहे? लढाईच्या काळातली जादा कामाची नोंद, हजेरीपत्रक, त्या ऑर्डरचं वाढलेलं उत्पादन, आणि नोटीस न दिल्याची कमिटीच्या इतिवृत्तातली नोंद. ती नोंद नसेल तर आता खोटी करू नका. त्यावेळच्या सगळ्या सदस्यांच्या सहीने आजच्या तारखेचं निवेदन करा की आम्ही मे २०२५ मध्ये देशाची परिस्थिती पाहून स्वतःहून थांबलो होतो. ते मागणीपत्रासोबत कामगार उपायुक्तांकडे द्या आणि पहिलीच मागणी ठेवा की करार एप्रिल २०२५ पासून लागू व्हावा. पगारवाढीच्या आकड्यावर बोलायला नंतर बसा. मॅनेजमेंटला आकड्यावर भांडायला आवडतं, कारण तोपर्यंत महिने जातात. गेटसभेत हे निवेदन वाचायला, कोणाच्या घरातला माणूस फौजेत असेल तर त्याला उभं करा.